समुद्र दाराशी, तरी मीठ विकतचं

माझ्या बाल्कनीत शंभर लिटरचं एक निळं पिंप आहे आणि त्याच्याकडे बोट दाखवून लोक मला 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ऐकवतात. पिंपात खारं पाणी असतं. नळाचं पाणी गाळून त्यातले सगळे क्षार काढायचे, मग किलोच्या भावानं विकत आणलेलं समुद्री मीठ त्यात कालवायचं, रात्रभर ढवळत ठेवायचं, मोजायचं आणि झाकायचं. दर रविवारी त्यातलं वीस लिटर पाणी माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या मत्स्यालयात, जातं आणि टँकमधलं तेवढंच जुनं पाणी बाहेर येतं. हे सगळं मी करतो वर्सोव्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहून. म्हणून ती म्हण.

आक्षेप घेणारे अडाणी नाहीत. त्यांतले कित्येक माझ्यापेक्षा जुने छंदी आहेत आणि मासे पाळायचं बरंचसं मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांचं म्हणणं नीट मांडायचं तर असं: प्रवाळ समुद्रात वाढतं, तेव्हा त्याला समुद्राचंच पाणी सगळ्यांत चांगलं. कारखान्यातलं मीठ ही नक्कल, आणि नक्कल अस्सलाच्या तोडीची कधी होत नाही. समुद्राचं पाणी फुकट, मीठ परदेशातून येणारं आणि महाग. त्यातून पिंपात तीन-तीन आठवडे ठेवलेलं पाणी म्हणजे शिळं, मेलेलं पाणी. हे ऐकायला इतकं सरळ आहे की नवा माणूस लगेच मान डोलावतो, कॅन घेऊन किनाऱ्यावर जातो आणि चार-सहा महिन्यांत टँक विकायला काढतो. असे विकायला काढलेले टँक मी घरोघर जाऊन पाहिले आहेत. कोपऱ्यात काळा पडलेला दगड, काचेवर हिरवा थर आणि 'आम्हाला काही जमलं नाही' असं म्हणणारी माणसं. त्यांना जमलं नाही असं नव्हतं. त्यांना पाणी चुकीचं सांगितलं गेलं होतं.

मलाही तेच सांगितलं गेलं होतं. पहिल्या टँकसाठी मी एका दुकानातून 'खोल समुद्राचं पाणी' म्हणून वीस-वीस लिटरचे कॅन घ्यायचो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात टँक बरा चालला. ऑगस्टमध्ये एका रविवारी नेहमीसारखं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत सगळे झोअँथिड, म्हणजे प्रवाळाचे मऊ भाऊबंद, मुठी आवळल्यासारखे मिटून गेले. दुसऱ्या दिवशी काच साफ करणाऱ्या गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तारामाशाच्या एका बाहूचं टोक विरघळल्यासारखं पांढरं झालं होतं. क्लाउनफिशची जोडी मात्र मजेत पोहत होती, खात होती. दुकानदार म्हणाला, मासे ठीक आहेत ना, मग पाण्याला दोष देऊ नका. शेवटी एका मित्रानं क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणून उरलेल्या कॅनमधल्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला. आकडा आला 27. हवा होता 35.

दुकानदाराच्या त्या एका वाक्यात या वादातली सगळ्यांत मोठी चूक आहे. हाडं असलेला मासा आपल्या शरीरातलं मीठ आणि पाणी स्वतः सांभाळतो. बाहेरची क्षारता खाली-वर झाली तरी त्याचे कल्ले आणि मूत्रपिंडं रक्त ठरावीक पातळीवर ठेवायला राबतात. तारामाशाला ही सोय नाही, प्रवाळाला नाही, समुद्री गोगलगायीला नाही. बाहेरचं पाणी जसं, तसंच त्यांच्या पेशींना व्हावं लागतं. पाणी एकदम पातळ झालं की पेशी फुगतात. म्हणून मासा जगला यावरून पाणी रीफला चालेल असं ठरवता येत नाही. रीफच्या पाण्याची परीक्षा त्यातल्या सगळ्यांत असहाय प्राण्यावर होते.

आता किनाऱ्याचं पाणी. मोकळ्या अरबी समुद्राची क्षारता हजार भागांत 36च्या आसपास असते, उत्तमच. पण मुंबईच्या किनाऱ्याला आपण ज्याला समुद्र म्हणतो तो खाड्यांचं तोंड आहे. मालाडची खाडी, माहीमची खाडी, त्यात येणारी मिठी नदी, पलीकडे ठाण्याची खाडी. या शहरावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. ते पाणी कुठे जाणार? शहराचं सांडपाणी वरळीला आणि वांद्र्याला समुद्राखालच्या नळांतून तीनेक किलोमीटर आत सोडलं जातं. ओहोळ आणि नाले तर थेट किनाऱ्यालाच येतात. ज्यांनी वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी वाळूतून वाहणारी काळी रेघ पाहिली आहे त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

प्रवाळभित्तीचं पाणी याच्या अगदी उलट असतं. ते अन्नद्रव्यांच्या बाबतीत दरिद्री असतं. नायट्रेट, फॉस्फेट जवळजवळ नाहीच. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर साखर बनवून त्याला जगवतं, म्हणून त्या दारिद्र्यातही प्रवाळाची वसाहत उभी राहते. त्याच पाण्यात खत ओतलं तर आधी वाढतं ते बाहेरचं शेवाळ, आणि ते प्रवाळावर चढून त्याचा उजेड बंद करतं. किनाऱ्याचं पाणी टँकमध्ये घालणं म्हणजे हे खत आपल्या हातानं ओतणं.

थंडीच्या सुरुवातीला जुहू-वर्सोव्याच्या लाटा कधीकधी रात्री निळ्या चमकतात. लोक मुलांना घेऊन बघायला येतात, मीही जातो. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाची असते, पाण्याच्या थेंबाथेंबात ते भरलेले असतात. ते पाणी कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि तीन दिवसांनी उघडा. मी हे मुद्दाम करून पाहिलं आहे. झाकण सैल केल्याबरोबर सडक्या अंड्याचा वास येतो, तळाशी बोटभर तपकिरी गाळ बसलेला असतो आणि वरचं पाणी दिसायला अगदी नितळ असतं. अमोनियाची चाचणी केली तर नळी हिरवी होते. ते नितळपण बघूनच माणूस ते पाणी ओततो.

याचा अर्थ समुद्राचं पाणी कधीच वापरता येत नाही असा नाही. जुन्या पुस्तकांत त्याची रीत दिलेली आहे: किनाऱ्यापासून दूर जाऊन भरतीच्या वेळी पाणी काढायचं, ते अंधारात दोन-तीन आठवडे ठेवायचं, त्यातले जीव मरून खाली बसू द्यायचे, मग वरचं पाणी अलगद काढून, गाळून, कार्बनमधून फिरवून वापरायचं. जो माणूस ही सगळी रीत पाळतो त्याच्याशी माझं भांडण नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात अँग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे. तिथलं पाणी कुणी आणून देत असेल तर मी उद्या पिंप रिकामं करीन. पण ते कुणी आणत नाही. आणतात ते कोळीवाड्यातल्या बोटीवर सांगून. बोट मासे आणायला जाते. खलाशी येताना बंदरात शिरायच्या आधी कॅन बुडवून घेतो, डेकवर डिझेलचा तवंग असतो, आणि त्या बिचाऱ्याला आपल्या झोअँथिडांचं काय माहीत? शिवाय जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. म्हणजे किनाऱ्याचं पाणी जेव्हा सगळ्यांत गढूळ आणि पातळ असतं, नेमके तेच दोन महिने दूरचं पाणी आणायला बोट नाही. वर्षाचे दहा महिने पुरणारं आणि दोन महिने दगा देणारं पाणी रीफला बारा महिने पुरत नाही.

इथे एक प्रतिप्रश्न हमखास येतो, आणि तो टाळणं बरोबर नाही. मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहेच ना? आहे. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी 2020 साली वरळी आणि हाजीअलीजवळच्या खडकांवरून प्रवाळाच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, ही जाहीर गोष्ट आहे. त्या बातमीनं माझं मन भरून आलं होतं. पण ते प्रवाळ गढूळ पाण्याला आणि ओहोटीच्या उन्हाला सरावलेलं, खडकाला चिकटून हळूहळू वाढणारं आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात जे टिकलं तेच आज उरलं आहे. इंडोनेशियाच्या नितळ पाण्यातून आलेल्या लेदर कोरलला मी ते पाणी देऊन 'बघ, तुझे भाऊबंद इथे राहतात' असं म्हणू शकत नाही. आणि ज्यांना पाण्याबरोबर किनाऱ्यावरचा एखादा जिवंत दगडही उचलावासा वाटतो त्यांना हेही माहीत हवं: 2001पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. हात लावायचा नाही.

दुसरा प्रतिप्रश्न मोठ्या मत्स्यालयांचा. कॅलिफोर्नियातलं माँटेरे बे मत्स्यालय 1984मध्ये उघडलं तेव्हापासून समोरच्या उपसागरातून पाणी खेचतं. दिवसा ते गाळून घेतात, म्हणजे पाहणाऱ्यांना आरपार दिसावं. रात्री न गाळता सोडतात, म्हणजे त्यातलं प्लवक प्राण्यांना खायला मिळावं. वाचून हेवा वाटतो. पण तिथे पाणी अखंड आत येतं आणि अखंड बाहेर जातं, आणि बाहेरचा उपसागर थंड, खोल, राखलेला आहे. माझा टँक बंद डबा आहे. त्यात जे गेलं ते तिथेच राहिलं, मी बाहेर काढेपर्यंत. त्यांना एखाद्या दिवशीचं वाईट पाणी दुसऱ्या दिवशीचं चांगलं पाणी धुऊन नेतं. मला नाही.

राहिला 'नक्कल' हा शब्द. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण या मिठामागे माणसांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं डोकं लावलं आहे. फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्गअभ्यासक लंडनमध्ये समुद्री जीव काचेत ठेवू लागला तेव्हा त्याला समुद्रावरून पाणी आणणं परवडेना. 1854मध्ये त्यानं पाण्याची कृती छापली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. त्यात पाणी ओतून त्यानं लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी समुद्री शेवाळ ठेवलं, आठवड्याहून जास्त थांबला, मग प्राणी. आज नवशिक्याला दोन दिवस थांब म्हटलं तरी जड जातं.

मग 'चॅलेंजर' जहाज 1872 ते 1876 जगाच्या समुद्रांतून फिरलं आणि तिथून आणलेले पाण्याचे 77 नमुने ग्लासगोचा रसायनज्ञ विल्यम डिटमार यानं तपासले. 1884मध्ये आलेल्या त्याच्या अहवालानं एक गोष्ट पक्की केली: पाणी कुठे जास्त खारं असो, कुठे कमी, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण मात्र सगळ्या महासागरांत सारखंच. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार: त्यात क्लोराइड 19.4 ग्रॅम, सोडियम 10.8, सल्फेट 2.7, मॅग्नेशियम 1.3, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी 0.4. हे प्रमाण जगभर एकच आहे म्हणूनच मीठ कालवून पाणी करता येतं. ते पिशवीतून आलं की पॅसिफिकमधून, हे प्रवाळ ओळखत नाही. कॅल्शियमला गाव नसतं.

आणि म्हणूनच 'मीठ म्हणजे मीठ, वाण्याकडचं खडामीठ घाला' हा सल्ला मला किनाऱ्याच्या पाण्याहूनही घातक वाटतो. तो देणाऱ्यानं एकदा मिठागरात जाऊन उभं राहावं. भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठी, उरणला, वसईला आगरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं त्यात एक क्रम आहे. उन्हानं पाणी आटून निम्म्यावर आलं की आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम बसतं, म्हणजे उरलेल्या कॅल्शियममधलं बरंचसं जातं. दहाव्या हिश्श्यावर आलं की मग मीठ धरू लागतं. ते ओढून घेतलं की मागे उरतं कडवट दाट पाणी, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. युझिलियो नावाच्या रसायनज्ञानं 1849मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हाच क्रम आकड्यांत मांडला. आपल्या मिठागरात तो दर उन्हाळ्यात डोळ्यांना दिसतो. म्हणजे जेवणातलं मीठ करायचं तर प्रवाळाला जे हवं तेच आधी आणि नंतर वेगळं काढावं लागतं. कॅल्शियम आधी गेलं, मॅग्नेशियम नंतर गेलं, मधलं सोडियम क्लोराइड आपल्या ताटात आलं. जेवणाला ते उत्तम. पण त्यात प्रवाळ ठेवणं म्हणजे सांगाडा बांधायला निघालेल्या जिवाला चुन्याशिवाय बांधकाम करायला लावणं.

घरातल्या मिठाचा एक उपयोग मात्र मी आवर्जून सांगतो. 36.5 ग्रॅम मीठ 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवा. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत हे पाणी 35 क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यासारखं वागतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर त्यावर बरोबर 35 दाखवायला हवा. दाखवत नसेल तर स्क्रू फिरवून जुळवा. बहुतेक लोक तो साध्या पाण्यावर शून्याला जुळवतात आणि निश्चिंत होतात. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर 35ला बरोबर असेलच असं नाही. रीफचे कित्येक अपघात पाण्यानं होत नाहीत, मोजणाऱ्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवल्यानं होतात.

आता पाणी. मुंबईचं नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, चांगलं मऊ आहे; अनेक शहरांना हेवा वाटावा असं. म्हणून लोक विचारतात, मग क्षार काढणारं यंत्र कशाला? कारण पाणी तलावातून थेट बादलीत येत नाही. त्यात क्लोरिन घातलेलं असतं. ते सोसायटीच्या टाकीत थांबतं, आणि टाकी शेवटची कधी साफ झाली हे सेक्रेटरीलाही आठवत नाही. मे महिन्यात टँकर येतो आणि तो कोणत्या विहिरीचं पाणी आणतो ते कुणी विचारत नाही. पितळी कॉक, जुने पाइप. ज्या पाण्यानं चहा उत्तम होतो त्यात सिलिकेट आणि फॉस्फेट इतकं असू शकतं की टँकमध्ये तपकिरी शेवाळाचा गालिचा अंथरला जावा. म्हणून आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिन. टीडीएस मीटरवर शून्य आलं की मगच मीठ.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण यात मी दोन घरं बुडताना पाहिली आहेत. स्वयंपाकघरातला आरओ प्युरिफायर चालेल का? बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलं जातं. आणि हल्ली पाण्यात तांबं सोडणारी यंत्रं आली आहेत, आरोग्यासाठी म्हणून. आपल्याकडे तांब्याच्या कळशीतलं पाणी मोठ्या विश्वासानं पितात आणि त्याच विश्वासावर ही यंत्रं विकली जातात. माणसाला त्यानं काय होतं ते डॉक्टर सांगतील. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं विष आहे, अगदी थोडंसुद्धा. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध असतं आणि ते रीफमध्ये घालायचं नाही, हा या छंदातला पहिला धडा. तो धडा पाठ असलेली माणसं तांब्याचा प्युरिफायर लावून मीठ कालवतात आणि कोळंबी का मरते म्हणून विचारतात.

कालवण्याबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं पिशवीवर लिहिलेलं असतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. पंप लावून पाणी आधी फिरतं करायचं, मग मीठ मुठीमुठीनं सोडायचं. मी शंभर लिटरला पावणेचार किलोच्या आसपास मीठ घेतो आणि पाऊण तास त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. पहिल्या मुठीनं पाण्यात धुरासारखा ढग उठतो, पंपाच्या झोतात गोल फिरतो आणि हळूहळू विरतो. तो विरला की पुढची मूठ. घाई करून सगळं एकदम ओतलं तर तळाशी मिठाचा ढीग बसतो. त्या ढिगाजवळ कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाट होतात की दोघं एकमेकांना धरून पांढरी पूड होऊन खाली बसतात. ती पूड मग विरघळत नाही. पाणी दुधाळ राहतं, अल्कलिनिटी पडते, आणि लोक मिठाला शिव्या घालतात. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते: मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड मुंबईची हवा पिऊन घेतं आणि उघडी राहिलेली पिशवी दगडासारखी होते. असं मीठ तोललं तर त्यात हवेतलं पाणीही तोललं जातं आणि हिशेब चुकतो. म्हणून चमचे आणि ग्रॅम फक्त अंदाजाला. शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा.

सगळ्यांत जास्त गैरसमज आहे तो साठवण्याबद्दल, आणि माझ्या मते तो आपल्या घरातून येतो. आपण रोज सकाळी हंड्यातलं कालचं पाणी ओतून ताजं भरणारी माणसं. शिळं पाणी देवाला नाही, पाहुण्याला नाही. हा संस्कार चांगला आहे, माझ्या आईनं मला तोच दिला. पण पिंपातल्या खाऱ्या पाण्याला तो लावणं चुकीचं आहे. पाणी शिळं होतं म्हणजे काय होतं? त्यात जीव वाढतात, काही कुजतं. शून्य टीडीएसचं पाणी, निव्वळ क्षार, स्वच्छ पिंप, वर घट्ट झाकण. यात कुजायला आहे काय? किनाऱ्याचं पाणी तीन दिवसांत वास मारतं कारण त्यात जीव असतात. कालवलेलं पाणी तीन आठवडे जसंच्या तसं राहतं कारण त्यात नसतात. मेलेलं पाणी म्हणून ज्याला हिणवतात तोच त्याचा गुण आहे.

मी ते मोजलं आहे. पहिल्या दिवशी क्षारता 35, अल्कलिनिटी 8.1, एकविसाव्या दिवशी क्षारता 35, अल्कलिनिटी 7.9. एवढा फरक चाचणीच्या थेंबातच पडतो. झाकण उघडं राहिलं तर पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून क्षारता वर चढते. तेव्हा ओतायच्या आधी पुन्हा मोजायचं आणि कमी झालेलं शुद्ध पाणी घालायचं. काही मिठांत प्रवाळाच्या वाढीसाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मुद्दाम चढी ठेवलेली असते आणि पिशवीवर चार तासांत वापरा असं छापलेलं असतं. ते खरं माना, असं मीठ साठवू नका; साठवायला साधं मीठ घ्या. आणि पंप दिवसरात्र चालू ठेवायचीही गरज नाही. त्यानं पाणी तापतं, गरम पंपावर कॅल्शियमचा थर धरतो. वापरायच्या आधी अर्धा तास ढवळलं की पुरे. पिंप मात्र नवीन आणि खाण्याच्या वस्तूंसाठीचं घ्या. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या पिंपात आधी कोणतं रसायन होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

'मग लागेल तेव्हा ताजं कालवून लगेच ओता' असं म्हणणारेही आहेत. नुकतंच कालवलेलं पाणी पूर्ण विरघळलेलं नसतं, त्याचा पीएच स्थिरावलेला नसतो, काही मिठांत थोडा अमोनियाही सापडतो. रात्रभर फिरलं की ते सगळं जागेवर येतं. आणि घाईत कालवलेलं पाणी कुणी मोजत नाही.

पैशाचा मुद्दा मी नाकारत नाही. दर आठवड्याला वीस लिटर म्हणजे वर्षाला चाळीसेक किलो मीठ लागतं, आणि ते स्वस्त नाही. आरओचं यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. माझ्याकडे त्यानं लादी पुसतात आणि कुंड्यांना पाणी घालतात, तरीही ते मला खुपतं. ज्याला हा खर्च झेपत नाही त्यानं गोड्या पाण्याचा टँक करावा, त्यात कमीपणा काही नाही. पण खर्च नको म्हणून किनाऱ्यावरचं पाणी आणायचं आणि त्याला निसर्ग म्हणायचं, याला माझा विरोध आहे. किंमत कुणीतरी देतंच. आपण दिली नाही तर वाळूवर उलटी पडलेली गोगलगाय देते.

गेल्या वर्षी जुलैत रात्री दोन वाजता मला पाण्याच्या आवाजानं जाग आली. टँकच्या खालच्या टाकीतून वर टँकमध्ये जाणारा पाइप क्लिपमधून निसटला होता आणि पंपानं साठ लिटर पाणी हॉलच्या लादीवर ओतलं होतं. बाहेर धो धो पाऊस, कोळीवाड्यात बोटी ओढून ठेवलेल्या, आणि समुद्राचा आवाज घरात ऐकू येत होता. मी पंप बंद केला, पाइप बसवला, बाल्कनीतल्या पिंपाचं झाकण काढलं आणि थेंब काचेवर टाकला. 35. थर्मामीटरवर पिंपाचं पाणी टँकपेक्षा एक अंश गरम. बायको टॉर्च धरून उभी राहिली आणि मी जगानं एकेक करून खालची टाकी भरत गेलो. चार वाजता पंप पुन्हा लावला. साडेसातला दिवे लागले तेव्हा झोअँथिड उघडे होते आणि क्लाउनफिशची मादी लेदर कोरलच्या बोटांत अंग घासत होती.